बेल्ट नवा, तरी फीत गुंततेच: जुन्या पोर्टेबल टेपरेकॉर्डरच्या चालीतले दोष

प्रश्न थोडक्यात असा: वडिलांनी १९८०च्या सुमारास घेतलेला पोर्टेबल टेपरेकॉर्डर आहे. एकच स्पीकर, पुढच्या कडेला खाली दाबायची पाच बटणं, चार सेल. बरीच वर्षं माळ्यावर पडून होता. आता लावला तर आवाज जड येतो, हार्मोनियमचा सूर डुलतो, कॅसेटची बाजू संपत आली की फीत आत गुंतते आणि रिवाइंड अर्ध्यापुढे गेल्यावर कण्हत थांबतं. दुकानात बेल्ट बदलून झाला, फरक नाही. आता दुकानदार म्हणतो मोटर बदला. बदलू का?

नको. निदान आत्ता तरी नको. तुमच्या वर्णनातल्या दोन गोष्टींवरून यंत्र न पाहताही बरंच कळतं. फीत गुंतते ती बाजू संपत आल्यावर, आणि रिवाइंड थांबतं ते अर्ध्यापुढे. सुरुवातीला दोन्ही ठीक चालतात. मोटर गेली असती तर तिने कॅसेट किती उलगडली हे पाहून दगा दिला नसता.

कॅसेटच्या यंत्रात दोन कामं वेगवेगळी चालतात, आणि दुरुस्तीत निम्मा घोळ होतो तो ही दोन कामं एकच समजल्यामुळे. पहिलं काम वेगाचं. ते एकट्या कॅपस्टनचं, म्हणजे हेडच्या (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाच्या) उजवीकडे उभी असलेली सुमारे २ मिलिमीटर जाडीची चकचकीत स्टीलची दांडी. रबरी पिंच रोलर फितीला तिच्यावर दाबतो आणि फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर पुढे सरकते. फिलिप्सने १९६३ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ही कॅसेट पहिल्यांदा दाखवली, तेव्हापासून हा आकडा बदललेला नाही. दुसरं काम ताणाचं. कॅपस्टनने पुढे सोडलेली फीत उजव्या रीलने, म्हणजे टेक-अप रीलने, तेवढ्याच तत्परतेने गोळा करायची. हे रील वेग ठरवत नाही. त्याला गरजेपेक्षा जास्त वेगाने फिरायची घाई असते आणि त्याच्या खाली बसवलेला फेल्टचा क्लच सतत घसरत राहून त्याला आवरतो. रीलने फीत गोळा केली नाही तरी कॅपस्टनला त्याचा पत्ता नसतो. तो आपला फीत सोडतच राहतो. मग ती फीत पिंच रोलरभोवती गुंडाळली जाते. आपण म्हणतो, ‘टेपने कॅसेट खाल्ली.’

आता थोडं गणित, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. कॅसेटमधल्या रिकाम्या चकतीची त्रिज्या साधारण १.१ सेंटिमीटर असते. ६० मिनिटांच्या कॅसेटची सगळी फीत एका बाजूला गोळा झाली की त्या गठ्ठ्याची त्रिज्या होते साधारण २.५ सेंटिमीटर. अशा यंत्रांत प्ले करताना टेक-अप रीलवरचा पीळ, म्हणजे रील फिरवणारा जोर, बहुधा ३५ ते ६० ग्रॅम-सेंटिमीटरच्या दरम्यान असावा लागतो. समजा तो ४५ आहे. बाजूच्या सुरुवातीला फितीवर ४५ भागिले १.१, म्हणजे सुमारे ४१ ग्रॅम ओढ पडते. शेवटी ४५ भागिले २.५, म्हणजे फक्त १८ ग्रॅम. पीळ तोच, पण ओढ निम्म्याहूनही कमी. क्लच थकून पीळ २० वर आला असेल तर शेवटी जेमतेम ८ ग्रॅम उरतात, आणि जुन्या, आतून कोरड्या पडलेल्या कॅसेटला तेवढ्याने हलवता येत नाही. रिवाइंडचंही हेच, फक्त तिथे गठ्ठा डाव्या रीलवर वाढत जातो.

म्हणून मी तुमचा दोष असा वाचतो: गुंतणं आणि रिवाइंड थांबणं या ताणाच्या बाजूच्या तक्रारी, आवाज जड येणं ही वेगाच्या बाजूची, आणि सूर डुलणं दोन्हीकडचं असू शकतं. नवा बेल्ट या सगळ्यांना थोडी थोडी मदत करतो, पण यातल्या एकाचंही मूळ तो नसण्याची शक्यता जास्त.

काही उघडण्याआधी वडिलांच्या कॅसेट बाजूला ठेवा. चाचणीला एक साधी, स्क्रूने बंद केलेली, हातात खुळखुळणारी ६० मिनिटांची कॅसेट घ्या. ९० मिनिटांची नको, तिची फीत पातळ असते आणि गुंतायला निमित्तच शोधते. सहा कडांची पेन्सिल चकतीत घालून एकदा पुढे, एकदा मागे फिरवून बघा. मध्येच जड लागली तर ती कॅसेट चाचणीच्या कामाची नाही.

मग सेल. नवे अल्कलाइन सेल टाका. चार्ज होणारे टाकले असतील तर काढा. ते १.२ व्होल्टचे, चार मिळून ४.८ व्होल्ट, ६ व्होल्टसाठी बनवलेल्या मोटरच्या गव्हर्नरला वेग सांभाळायला जागाच उरत नाही. सेलच्या स्प्रिंगांवर हिरवट किंवा पांढरा थर आहे का बघा. व्हिनेगरचा बोळा फिरवून, मग पाण्याचा, मग कोरडा. मीटर लावायचा तो मात्र सेलच्या टोकांवर नाही, मोटरच्या टोकांवर, आणि तोही प्ले चालू असताना. सेलकडे ६ व्होल्ट आणि मोटरपाशी ५ असतील तर मधला १ व्होल्ट कुठल्यातरी काळ्या पडलेल्या कॉन्टॅक्टमध्ये अडकलाय. दोन जागा ठरलेल्या असतात. एक, प्लेच्या बटणाखालचा पातळ पत्र्याचा लीफ स्विच. दुसरी, अ‍ॅडाप्टरचं भोक. तिथे पिन घातली की सेलची जोडणी तुटते, पिन काढली की ती परत जुळायला हवी. चाळीस वर्षांनी ती नीट जुळत नाही. पिन दहा-वीस वेळा आतबाहेर केली तरी पुष्कळदा काम होतं. अ‍ॅडाप्टर वापरणार असाल तर आधी यंत्राच्या खोक्यावरचं धन-ऋणाचं चिन्ह बघा. जुन्या जपानी यंत्रांत मधली पिन ऋण असलेली कैक आहेत, आणि आज बाजारात मिळणारा अ‍ॅडाप्टर बहुधा त्याच्या उलटा असतो.

आता कॅसेट न घालता, झाकण उघडं ठेवून प्ले दाबा. पाच मिनिटं नुसतं बघा. उजवं रील फिरतंय? झटके देत, की सलग? बोटाने ते हलकेच धरा. निरोगी क्लच बोटाखाली मऊ, सारखा घसरतो आणि रील थांबवलं तरी मोटरचा आवाज बदलत नाही. रील बोटाच्या स्पर्शाने सहज थांबत असेल तर पीळ कमी आहे. थांबवल्यावर मोटर कण्हत असेल तर क्लच चिकटलाय. आता फास्ट फॉरवर्ड आणि रिवाइंड करून तसंच बघा. तिन्ही अशक्त असतील तर संशय मोटरपासून रीलपर्यंतच्या सामाईक रस्त्यावर, म्हणजे बेल्ट आणि आयडलरवर. प्ले तेवढं अशक्त आणि बाकी दोन दणकट असतील तर संशय क्लचवर. तुमच्याकडे रिवाइंडही थांबतंय, म्हणून माझा पहिला संशय आयडलरवर आहे. आयडलर म्हणजे रबरी टायर असलेलं छोटं चाक, जे बटणानुसार इकडून तिकडे सरकून रीलला टेकतं. दुकानात बेल्ट बदलताना याच्याकडे कुणी बघत नाही, कारण ते तुटत नाही, वितळत नाही, नुसतं कडक होऊन चकाकतं.

पीळ मोजायचं खास मीटर महाग असतं, पण घरी अंदाज घेता येतो. मोडीत काढायच्या एका कॅसेटचं खोकं उघडा, फीत काढून टाका, उजव्या चकतीला शिवणाचा दोरा बांधून चार-पाच वेढे द्या आणि दोरा तळाच्या कडेने बाहेर काढा. कॅसेट यंत्रात बसवा आणि यंत्र कडेवर असं उभं धरा की दोरा सरळ खाली लोंबेल. टोकाला वजनकाट्यावर तोललेले नट अडकवा. चकतीची त्रिज्या १.१ सेंटिमीटर असल्याने ३२ ते ५५ ग्रॅम वजन उचललं गेलं म्हणजे पीळ ३५ ते ६० च्या पट्ट्यात आहे. २० ग्रॅमलाच रील थबकलं तर तुमची फीत का गुंतते ते हातात आलं. दोरा कुठे घासत नाही एवढं फक्त पाहा.

यंत्र उघडताना मागचे स्क्रू सारख्या लांबीचे असतील असं धरू नका. कागदावर यंत्राचा आकार काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवा. स्पीकर आणि सेलच्या तारा आखूड असतात, झाकण हिसक्याने उघडलं की तुटतात. सुरुवातीलाच फोनवर भरपूर फोटो काढा, विशेषतः बेल्ट कुठून कुठे जातो आणि स्प्रिंगांची टोकं कुठल्या खाचेत आहेत त्यांचे.

बेल्ट काढा आणि फ्लायव्हीलला बोटाने टिचकी द्या. पितळेचं किंवा जस्ताच्या मिश्रधातूचं हे जड चाक कॅपस्टनच्या खालच्या टोकाला घट्ट बसवलेलं असतं. ते काही सेकंद आरामात फिरत राहायला हवं. एका फेऱ्यात थांबलं तर आवाज जड का येतो हे कळलं: कॅपस्टनच्या बेअरिंगमधलं तेल चाळीस वर्षांत डिंकासारखं झालंय. खालची पट्टी दोन-तीन स्क्रूंवर असते. ती काढून फ्लायव्हील सरळ बाहेर ओढा. वरच्या टोकाला कॅपस्टनवर नखाएवढीही नाहीत अशा एक-दोन वॉशर असतात. त्या उडाल्या की शोधण्यात संध्याकाळ जाते. दांडी आणि बेअरिंगचं भोक आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करा. ९९ टक्क्यांचं घ्या, औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ७० टक्क्यांच्यात पाणी असतं. बेअरिंग सच्छिद्र काशाचं असतं आणि तेल धरून ठेवतं, म्हणून वाळल्यावर त्याला पातळ यंत्रतेलाचा एकच थेंब पुरतो. बाहेर आलेलं पुसा. कॅपस्टनच्या वरच्या उघड्या भागावर तेलाचा अंश राहिला तर फीत घसरेल आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पानावर. शिलाई मशिनचं तेल चालतं. खोबरेल चालत नाही; ते २४ अंशांच्या आसपास थिजतं, आणि डिसेंबरात पुण्यात पहाटे यंत्र का अडतंय असा प्रश्न मग पुन्हा विचारावा लागतो. गंज सोडवायचा स्प्रेही नको. तो उडून जातो, मागे चिकट थर ठेवतो आणि वाटेत दिसेल त्या रबरावर बसतो. पट्टी परत लावल्यावर फ्लायव्हील वरखाली अगदी किंचित, सुमारे ०.२ मिलिमीटर हललं पाहिजे. पट्टीने ते आवळून धरलं तर सगळी मेहनत वाया.

आता तुमचा नवा बेल्ट. दुकानात बेल्ट बहुतेक वेळा डोळ्याने जुळवून घालतात, आणि बहुतेक वेळा तो चालतोही. पण दोन गोष्टी मोजून बघाव्यात. पहिली लांबी. ज्या पुल्यांवरून बेल्ट जातो त्या वाटेने दोरा फिरवून मोजा; बेल्टचा मोकळा परीघ त्याहून साधारण ५ ते ७ टक्के कमी हवा. बेल्ट चपटा दुमडून मोजला की त्या लांबीची दुप्पट म्हणजे परीघ. ढिला बेल्ट घसरतो हे सगळ्यांना कळतं. घट्ट बेल्ट मोटरची दांडी आणि कॅपस्टन दोघांनाही एका बाजूला खेचून बेअरिंगवर ब्रेक लावतो, हे मात्र लक्षात येत नाही. रिवाइंड थांबतंय म्हणून मुद्दाम घट्ट बेल्ट घातलेली यंत्रं मी बरीच पाहिली. त्यांत आवाज आणखी जड झालेला असतो. मोटरच्या वायरमध्ये मीटर जोडून बेल्टशिवाय आणि बेल्टसह किती मिलिअँपिअर जातात ते बघा. बेल्ट चढवल्यावर आकडा फारच उडी मारत असेल तर ओझं बेल्टचं किंवा कोरड्या बेअरिंगचं आहे.

दुसरी गोष्ट जाडी, आणि ती जास्त गमतीची आहे. मोटरची पुली समजा ६ मिलिमीटर आणि फ्लायव्हील ३२. चौकोनी बेल्ट १.२ मिलिमीटर जाडीचा असेल तर प्रत्यक्षात ७.२ आणि ३३.२ या व्यासांचं गुणोत्तर काम करतं, कारण बेल्टची सरासरी वाट त्याच्या जाडीच्या मधून जाते. आता १.६ चा बेल्ट घातला तर ७.६ आणि ३३.६. हिशेब केला तर वेग चार टक्क्यांहून जास्त वाढतो. १ मिलिमीटरचा घातला तर दोन टक्क्यांनी घटतो. लहान पुलीवर जुन्या वितळलेल्या बेल्टचं काळं डांबर ०.१ मिलिमीटर जाडीने बसून राहिलं तरी असाच फरक पडतो. म्हणून पुलीची खाच लाकडी टूथपिक आणि अल्कोहोलने धातू दिसेपर्यंत साफ करायची. ते डांबर कपड्याला लागलं तर निघत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या गल्ल्यांत अजून बेल्ट मिळतात, पण ‘टेपचा बेल्ट द्या’ म्हणू नका. परीघ, जाडी आणि चौकोनी की चपटा, हे कागदावर लिहून न्या.

आयडलरचा टायर. आधी अल्कोहोलने पुसा, मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर हलकेच फिरवून वरची चकाकी घालवा. टायर चाकावरून निघत असेल तर उलटा करून आतली बाजू बाहेर आणायची युक्ती जुनी आहे आणि कामाची आहे. आतलं रबर हवेला उघडं पडलेलं नसतं. फारच कडक, तडे गेलेला असेल तर त्याच मापाची रबरी ओ-रिंग घालता येते, पण बाहेरचा व्यास जवळपास तोच राहायला हवा. रबर मऊ करायला गंधपुऱ्याचं तेल लावायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. त्यातल्या मिथाइल सॅलिसिलेटमुळे रबर खरोखर मऊ होतं. मला तो उपाय पटत नाही. रबर फुगतं, व्यास बदलतो आणि काही महिन्यांत ते पुन्हा कडक होतं. एकदाच कॅसेट ऐकून उतरवून घ्यायची असेल आणि दुसरा टायर मिळत नसेल तर ठीक.

टायर ज्या कडांवर टेकतो त्या रीलच्या कडाही पुसा. अर्धा दोष तिथल्या काळ्या चकाकीत असतो. आयडलरची फिरती पट्टी ज्या पिनेवर सरकते तिथे आणि हेडच्या प्लेटखाली जुनं ग्रीस असतं. तेही मेणासारखं घट्ट होतं, मग पट्टी टायरला रीलपर्यंत पूर्ण पोचवतच नाही. जुनं ग्रीस पुसून काढा. त्याच्यावर नवं थापू नका. मग प्लास्टिकला चालणारं ग्रीस टूथपिकच्या टोकावर जेवढं येईल तेवढं. प्लेचं बटण खाली राहत नसेल, आपोआप सुटत असेल, तरी मूळ इथेच असतं.

क्लचकडे यानंतर वळा. आयडलर सुधारल्यावर पुन्हा दोऱ्याची चाचणी घ्या. पीळ पट्ट्यात आला असेल तर क्लचला हातही लावू नका. आला नसेल तर रीलच्या टोकावरचं प्लास्टिकचं लॉक काढा. त्याखाली स्प्रिंग, फेल्टची चकती, मग खालचं चाक असा क्रम असतो. फोटो काढल्याशिवाय सुटं करू नका. फेल्ट चपटं, गुळगुळीत झालेलं असेल तर कोरड्या ब्रशने त्याचे तंतू उभे करा. तेलकट असेल तर अल्कोहोलमध्ये बुडवून पूर्ण वाळवा. काही यंत्रांत स्प्रिंगची पकड बदलायला दोन-तीन खाचा असतात. एक खाच पुढे करा आणि परत मोजा. सगळ्यात घट्ट खाचेत बसवून मोकळं व्हायचा मोह होतो. पण टेक-अप फार जोरात ओढायला लागला की पिंच रोलरची पकड सोडवून फीत पुढे खेचतो, सूर झटक्याने वर जातो, आणि पातळ फितीच्या कडा ताणल्या जातात. गुंतलेली फीत एक वेळ सोडवता येते, ताणलेली परत आखूड होत नाही.

पिंच रोलर अल्कोहोलच्या कापसाने पुसून लगेच कोरडा करा. तपकिरी रंग यायचा थांबेपर्यंत. तो त्याच्या पिनेवर स्वतःच्या वजनाने फिरला पाहिजे. अडत असेल तर काढून पिन पुसा, तेलाचा नावापुरता अंश लावा. बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या यंत्रात अडणारा पिंच रोलर एकटाच आवाज जड करायला पुरतो. प्ले चालू असताना रोलरची पट्टी कॅपस्टनपासून केसभर दूर धरून बघा. मोटरचा सूर लगेच चढला तर ओझं इथेच आहे. रोलर तिरका आहे का हे बघायला कॅसेट न घालता कॅपस्टन आणि रोलरच्या मध्ये फितीएवढ्या, म्हणजे सुमारे ४ मिलिमीटर रुंदीची पातळ कागदाची पट्टी सोडा. सरळ गेली तर ठीक. वर किंवा खाली चढत असेल तर रोलर एका बाजूने झिजलाय, आणि फितीच्या कडेला सुरकुत्या पडण्याचं कारण बहुधा तेच.

सूर डुलण्याचं मूळ शोधायला घड्याळ पुरतं, कारण प्रत्येक चाक आपापल्या लयीत डुलतं. २ मिलिमीटरचा कॅपस्टन सेकंदाला साडेसात-आठ फेरे घेतो. तो वाकडा असेल तर डुलणं न वाटता आवाजाला कापरं भरल्यासारखं वाटतं. साधारण १० मिलिमीटरचा पिंच रोलर दोन सेकंदांत तीन फेरे घेतो. रील सुरुवातीला दीड सेकंदात एक फेरा घेतं आणि गठ्ठा भरला की तीन सेकंदांहून जास्त. तेव्हा डुलण्याची लय बाजूच्या सुरुवातीला एक आणि शेवटी वेगळी असेल तर दोष रीलकडे, क्लचमध्ये किंवा कॅसेटमध्ये. पूर्ण बाजूभर लय तीच असेल तर कॅपस्टन, रोलर किंवा बेल्ट. बराच काळ पाकिटात दुमडून पडलेल्या नव्या बेल्टला घडीची खूण राहते, आणि ती सेकंदाला तीन-चार वेळा टोचते. हार्मोनियमचा किंवा बासरीचा लांब सूर यासाठी उत्तम. तबल्यावरून काही कळत नाही.

हे सगळं झाल्यावर वेग मोजायचा. त्याआधी मोटरच्या मागचा प्रीसेट, म्हणजे वेग कमी-जास्त करायचा छोटा स्क्रू, फिरवायचा नाही. क्रम उलटा केला की पुढे तेल दिल्यावर यंत्र पळत सुटतं. चांगल्या डेकवर ३१५० हर्ट्झचा सूर रेकॉर्ड केलेली कॅसेट कुणाकडून मिळाली तर फोनवरच्या ट्यूनरने आकडा वाचा. ३१०० ते ३२०० च्या मध्ये असेल तर अशा साध्या यंत्राकडून मी याहून जास्त मागत नाही. ती कॅसेट नसेल तर ज्याची पट्टी पक्की ठाऊक आहे असं गाणं घ्या. काळी दोनमधलं गाणं पांढरी दोनमध्ये ऐकू आलं तर वेग साडेपाच टक्क्यांनी कमी आहे. मात्र बाजारातल्या छापील कॅसेटही वेगात थोड्या इकडेतिकडे असत, म्हणून एकीवर विसंबू नका. प्रीसेट मोटरच्या पाठीवरच्या छोट्या भोकात असतो. प्लास्टिकचा स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि मूळ जागेची खूण करून अगदी थोडं फिरवा.

मोटर बिघडल्याची लक्षणं वेगळी असतात. आतला गव्हर्नर मेला तर मोटर बहुतेक वेळा मंद होत नाही, सुसाट पळते. कार्बन झिजला तर कधी चालू होते, कधी हाताने पुली ढकलावी लागते. प्रीसेट मळला तर वेग मधूनच, कुठल्याही लयीशिवाय उडी मारतो. यातलं काही दिसलं तरच नवी आणा. तेव्हा तीन गोष्टी जुन्या मोटरच्या पत्र्यावरून उतरवून न्या: व्होल्ट, फिरण्याची दिशा आणि मिनिटाचे फेरे, जे बहुधा २४०० असतात. दुकानात १२ व्होल्टच्या जास्त मिळतात. ती ६ व्होल्टवर लावली तर आत्ताचीच तक्रार विकत घेतल्यासारखं होईल. दिशा उलटी निघाली तर तारा उलट्या जोडून चालत नाही, आत गव्हर्नरचं सर्किट असतं. पुली दांडीवर दाबून बसवलेली असते, ती हातोडीने ठोकू नका.

वडिलांच्या कॅसेट लावण्याआधी प्रत्येकीच्या खिडकीतून गठ्ठ्याची कड बघा. कोकणात किंवा मुंबईत पावसाळे काढलेल्या कॅसेटवर पांढरी बुरशी असते. तशी कॅसेट या यंत्रात घालू नका, तिची पूड हेडवर आणि रोलरवर पसरते आणि पुढच्या कॅसेटला लागते. नाकातोंडाला मास्क लावून आधी ती साफ करावी लागते. बाकीच्या एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या, म्हणजे चिकटलेले वेढे मोकळे होतात. जी पेन्सिलनेही जड फिरते तिची फीत चकत्यांसह उचलून स्क्रूच्या नव्या खोक्यात बसवा. हेडला फीत टेकवणारा छोटा फेल्टचा तुकडा जागेवर आहे का तेही बघा. गोंद वाळून तो पडलेला असतो.

एक गोष्ट या यंत्रापुरती. वडिलांनी याच टेपरेकॉर्डरवर रेकॉर्ड केलं असेल तर हेडच्या शेजारचा, रंगाचा ठिपका लावलेला स्क्रू अजिबात हलवू नका. त्याने हेडचा कोन ठरतो, आणि त्या कॅसेट ज्या कोनात भरल्या गेल्या त्याच कोनात त्यांचा आवाज स्वच्छ येईल, मग तो कोन पुस्तकाप्रमाणे बरोबर असो वा नसो. वेगाचंही तसंच आहे. त्या काळी सेल उतरलेले असताना रेकॉर्ड केलेलं गाणं आज बरोबर वेगाने चालणाऱ्या यंत्रावर चढ्या पट्टीत ऐकू येईल. त्यासाठी प्रीसेट फिरवत बसू नका. यंत्र ४.७६ वर ठेवून कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवा आणि पट्टी तिथे खाली घ्या.